नावाला लागलेली जमीन

आष्टीजवळ वैनगंगा ओलांडली की मला दरवेळी एकच वास येतो. खरं तर येत नसणार, कारण बसच्या खिडकीतून धूळच जास्त येते. पण मला येतो. नुकत्याच कापलेल्या सागाचा, थोडा ओला, थोडा चामड्यासारखा. माझं सगळं बालपण आलापल्लीत त्या वासात गेलं. बाबा वनखात्यात लेखनिक होते. आमचं क्वार्टर लाकडाच्या डेपोपासून फार लांब नव्हतं आणि लपाछपी खेळायला सागाच्या थप्प्यांसारखी जागा जगात दुसरी नाही.

यावेळी मात्र गेले ती कामासाठी. बाबांना जाऊन वर्ष झालं होतं आणि दादाचे तीन फोन येऊन गेले होते. "एकदा येऊन जा, कागदाचं उरकून टाकू."

कागद म्हणजे हक्कसोडपत्र. ज्यांच्या घरी शेती आहे आणि बहीणही आहे, त्यांना हा शब्द समजावून सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. वडील गेले की वारसांची नोंद होते. मग बहिणी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जाऊन, 'आमचा हिस्सा आम्ही राजीखुशीने सोडत आहोत' अशा कागदावर सह्या करतात. मग भाऊ साडी घेतो. मग सगळे मिळून हॉटेलात जेवतात. माझ्या दोन आत्यांनी हे केलंय. आईनंही केलंय.

आमचं शेत आलापल्लीत नाही, मूलकडे आहे. आजोबांकडून आलेली साडेचार एकर धानाची बांधी, शेजारी एक लहानशी बोडी आणि बांधावर दोन मोहाची झाडं. फार मोठी इस्टेट आहे अशातला भाग नाही. मी पुण्यात राहते, नोकरी करते, शेतात वर्षातून एकदा जाते आणि गेले तरी सावलीत बसते. तर सही करायला माझी ना नव्हती. म्हणजे मी काही विचारच केला नव्हता. चेक लिहितो तशी सही करायची आणि परत यायचं, इतकंच.

तारीख सोमवारची मिळाली होती. मी शनिवारी पोचले. रविवार रिकामा. दादा म्हणाला, बाबांची पेटी बघून घे, काय ठेवायचं काय द्यायचं ते सांग.

पेटीत अपेक्षेप्रमाणे पुस्तकंच निघाली. बाबांना इतिहासाचं वेड होतं. आलापल्लीसारख्या ठिकाणी राहून हे वेड जोपासणं सोपं नव्हतं, पण नागपूरला कुणी जाणार असलं की ते चिठ्ठी द्यायचे. तळाशी एक जाडजूड बाड होतं, झेरॉक्स काढून बाइंड केलेलं. ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास. इंग्रजी! बाबांचं इंग्रजी सरकारी पत्रव्यवहारापुरतं. पण पानापानाच्या कडेला पेन्सिलीनं शब्दांचे अर्थ लिहिलेले आणि मधूनमधून चक्क भांडण.

ग्रँट डफ आपल्याला शाळेपासून माहीत असतो तो 'चुकीचं लिहिणारा इंग्रज' म्हणून. मी तर लहानपणी त्याला घोड्यावर बसवला होता. लाल कोट, तलवार, मागे धूळ. प्रत्यक्षात तो इंग्रज नव्हता, स्कॉटिश होता. घोडदळात नव्हता, मुंबईच्या ग्रेनेडियर पलटणीत म्हणजे पायदळात होता. आणि तलवारीपेक्षा दप्तरं उलगडण्यात त्याचा वेळ जास्त गेला. त्याचा इतिहास १८२६ मध्ये तीन खंडांत निघाला. चार वर्षांच्या आत कॅप्टन डेव्हिड केपननं केलेलं मराठी भाषांतरसुद्धा आलं. पुढची कित्येक वर्षं शाळेतल्या मुलांना मराठ्यांचा इतिहास त्यावरूनच शिकवला गेला. १८६८ च्या सुमारास नीळकंठ जनार्दन कीर्तने नावाच्या एका कॉलेजातल्या पोरानं त्यातल्या चुका काढल्या, तेव्हा कुठे आपल्या लोकांना कळलं की साहेबाचंही चुकतं.

त्या इतिहासात एक प्रसिद्ध दाखला आहे. सह्याद्रीच्या रानात वाळलेलं गवत पेटावं, आग पसरत जावी आणि दूरच्या लोकांनी नवलानं बघत राहावं, तसा मराठ्यांचा उठाव, अशा अर्थाचा. न्यायमूर्ती रानड्यांना हा दाखला अजिबात पटला नाही. १९०० मध्ये निघालेल्या आपल्या पुस्तकात त्यांनी तो खोडून काढला. वणवा म्हणजे अपघात. मराठी सत्ता अपघातानं उभी राहिली नाही. तिच्यामागे भाषा होती, संत होते, पिढ्यान्पिढ्यांची तयारी होती.

त्या पानाच्या कडेला बाबांची पेन्सिल होती. 'आग लावली कोणी? मोहफुलं वेचणाऱ्यांना विचारलं का?'

मला हसू आलं आणि मग जरा गलबललं. कारण वणवा हा बाबांचा रोजचा विषय. फेब्रुवारी उजाडला की जाळरेषा साफ करायच्या, फायर वॉचर लावायचे, आणि कुठे आग लागली की त्याचा अहवाल बाबांच्या टेबलावर यायचा. किती हेक्टर, कुठला कक्ष, विझवायला किती माणसं. शेवटचा रकाना कारणाचा. तिथे बहुतेक वेळा 'अज्ञात' असं लिहून यायचं. बाबा चिडायचे. म्हणायचे, "जंगल आपोआप पेटत नाही. मोहाखालचा पाला जाळला असेल. तेंदूला चांगली पालवी फुटावी म्हणून लावली असेल. कुणी विडी टाकली असेल. कारण असतंच. आपल्याला विचारायचा कंटाळा असतो."

तर हा ग्रँट डफ. बाबांनी कोऱ्या पानांवर त्याचं चरित्रही टिपून ठेवलं होतं आणि त्यातल्या नावांखाली दोन-दोन रेघा मारल्या होत्या. मी ते टिपण वाचत गेले आणि मला पेटीचा विसर पडला.

त्याचा जन्म ८ जुलै १७८९ चा, स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या बॅन्फ गावचा. वडिलांचं नाव जॉन ग्रँट. मुलगा दहा वर्षांचा असताना वडील गेले. आई मार्गारेट मुलांना घेऊन ॲबर्डीनला आली. पोराला कंपनीच्या मुलकी नोकरीत घालायचं ठरत होतं, पण तेवढा धीर त्याला नव्हता. १८०५ मध्ये, म्हणजे सोळाव्या वर्षी, तो लष्करात कॅडेट होऊन मुंबईला निघाला. लष्करात तो पर्शियन शिकला, दुभाषा झाला आणि पुण्यात एल्फिन्स्टनच्या नजरेत भरला. पेशवाई बुडाली तेव्हा एल्फिन्स्टननं त्याला साताऱ्याला पाठवलं. छत्रपती प्रतापसिंहांना गादीवर बसवायचं, राज्याची घडी घालायची आणि अर्थातच लगाम हातात ठेवायचा. सातारच्या राज्याचा तह २५ सप्टेंबर १८१९ चा. पुढच्या वर्षी भोरचे सचिव, औंधचे प्रतिनिधी, फलटणचे निंबाळकर, जतचे डफळे, अक्कलकोटकर अशा सगळ्यांशी करार झाले, तेही याच्याच हातून. १८२२ मध्ये कारभार महाराजांच्या हाती दिला आणि तब्येत पार बिघडलेला हा माणूस १८२३ मध्ये मायदेशी परत गेला. वय तेहतीस.

म्हणजे बघा, अठरा वर्षं हा माणूस आपल्या मुलखात होता आणि त्यातली शेवटची चार-पाच वर्षं दुसऱ्यांच्या जमिनी लावून देत होता. कुणाचं वतन, कुणाची सनद, कुणाचा वारसा खरा, दत्तक चालतो की नाही. त्याच्या स्वतःच्या नावावर त्या वेळी काय होतं? इस्टेट म्हणावी असं काहीच नाही. पोटासाठी सातासमुद्रापार आलेला बिनबापाचा मुलगा.

आणि गंमत म्हणजे सातारला होता तेव्हा तो ग्रँट डफ नव्हताच. नुसता कॅप्टन ग्रँट. हे 'डफ' मागून आलं.

१८२५ च्या सुमारास ईडन नावाची बॅन्फकडची इस्टेट त्याच्याकडे आली. ब्रिटनच्या जमीनदार घराण्यांत रीत अशी की इस्टेट घेतली तर बऱ्याचदा तिच्याबरोबर त्या घराण्याचं नावही घ्यायचं. त्यानं आईचं 'डफ' आपल्या नावाला जोडलं. त्याच वर्षी लग्न केलं, जेन कॅथरिन एन्स्लीशी. तिचे वडील सर व्हाइटलॉ एन्स्ली मद्रासकडे डॉक्टर होते आणि हिंदुस्थानातल्या औषधींवर त्यांचं नावाजलेलं पुस्तक आहे. ही त्यांची एकुलती मुलगी. १८५० मध्ये जेनला तिच्या आईच्या माहेरची फाइफमधली इस्टेट मिळाली. त्या घराण्याचं नाव कनिंगहॅम. मग साहेबांनी तेही नाव घेतलं! जेम्स कनिंगहॅम ग्रँट डफ.

बाबांनी इथे नावाचे तुकडे पाडून प्रत्येकाखाली लिहिलं होतं. ग्रँट – बापाचं. डफ – आईकडचं. कनिंगहॅम – बायकोच्या आईकडचं. आणि खाली, 'जावई सासूचे आडनाव लावतो!!' अशी दोन उद्गारचिन्हं.

बाबांना त्याची मजा वाटली असणार. मला वाटली नाही. मी तिथेच थांबले. या माणसाला इतिहास लिहून पैसा मिळाला नाही, उलट त्यात त्याचे पैसे गेले. शांतपणे घरी बसून शेती सुधारत, मुलं वाढवत त्याचं आयुष्य पार पडलं ते जमिनीच्या जोरावर. आणि त्यातली एक इस्टेट तर सरळसरळ बायकोची. माझ्यासमोर टेबलावर प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये उद्याचा कागद होता. त्यात माझं नाव सासरच्या आडनावासकट होतं, पुढे 'लिहून देणार' असं.

आता लगेच स्कॉटलंडचं कौतुक नको. तिथेही थोरला मुलगा असला की स्थावर सगळं त्याचंच. हा कायदा तिथे १९६४ पर्यंत होता. मुलीकडे जमीन यायची ती मुलगा नसला तर. पण यायची. मुलगा नाही म्हणून घर बुडालं, असं होत नसे. मुलगी होती ना!

आणि याच काळात आपल्याकडे काय चाललं होतं? ज्या सातारच्या राज्याची घडी कॅप्टन ग्रँटनं घातली, त्या राज्याच्या प्रतापसिंह महाराजांना १८३९ मध्ये पदच्युत करून काशीला पाठवलं. ते १८४७ मध्ये तिकडेच गेले. त्यांचे भाऊ शहाजी १८४८ मध्ये वारले. औरस मुलगा नाही. दत्तक नामंजूर. राज्य खालसा. हे करणारा लॉर्ड डलहौसीसुद्धा स्कॉटिश जमीनदारच. दोन वर्षांनी जेनबाईंना आईकडून इस्टेट मिळाली. पुढे डिसेंबर १८५३ मध्ये नागपूरचे तिसरे रघूजी भोसले गेले. मुलगा नाही. राज्य खालसा. त्या राज्याबरोबर आमचा चांदा जिल्हाही कंपनीकडे आला. म्हणजे आजचं चंद्रपूर, गडचिरोली, सगळं. आलापल्ली, अहेरी, हे सारं रान एका घरात मुलगा नव्हता म्हणून साहेबाच्या वहीत चढलं.

टिपणाच्या शेवटच्या पानावर बाबांनी दोनच ओळी लिहिल्या होत्या. एकाखाली एक, जमाखर्चासारख्या.

२३ सप्टेंबर १८५८ – डफ.
२१ ऑक्टोबर १८५८ – आपला बाबुराव.

आमच्या भागाबाहेरच्या वाचकांना बाबुराव शेडमाके कदाचित माहीत नसेल. २००९ मध्ये त्याच्यावर टपाल तिकीट निघालं, तेव्हा बऱ्याच जणांनी नाव पहिल्यांदा ऐकलं. आम्ही मात्र शाळेच्या पुस्तकाआधी त्याची गोष्ट ऐकलेली. अहेरीजवळचं मोलमपल्ली ही त्याची जमीनदारी. राजगोंड घराणं. जन्म १२ मार्च १८३३ चा. वडील पुलेश्वरबापू, आई जुर्जाकुंवर. घोटुलात शिकला, मग रायपूरला जाऊन इंग्रजी शिकला. अठराव्या वर्षी राजकुंवरशी लग्न झालं. चार वर्षांपूर्वीच कंपनीचा अंमल आलेला, त्यात सत्तावन्नचं वारं. यानं जवानांची फौज जमवली. मार्च १८५८ मध्ये राजगड परगणा ताब्यात घेतला. चांद्याचा डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टन त्याच्यावर चालून आला. क्रिक्टन हेही स्कॉटिश आडनाव, एडिंबराजवळच्या गावावरून पडलेलं. अडपल्ली-घोटचा जमीनदार व्यंकटराव बाबुरावाला येऊन मिळाला. २९ एप्रिलच्या रात्री त्यांच्या माणसांनी चिंचगुंडीला तारायंत्र खात्याच्या तळावर हल्ला केला. गार्टलंड आणि हॉल हे दोघे मारले गेले, पीटर नावाचा तिसरा निसटला.

शेवटी क्रिक्टननं फौजेपेक्षा सोपा उपाय केला. त्यानं अहेरीच्या जमीनदारीणबाईंना, लक्ष्मीबाईंना हाताशी धरलं. सप्टेंबरमध्ये बाबुराव पकडला गेला आणि २१ ऑक्टोबर १८५८ ला चांद्याच्या तुरुंगात त्याला फाशी झाली. वय पंचवीस. तुरुंगातल्या ज्या पिंपळावर फाशी दिली, तिथे दरवर्षी त्या दिवशी माणसं जमतात. व्यंकटराव बस्तरला पळाला, १८६० मध्ये तोही सापडला. त्याला जन्मठेप. त्याची जप्त झालेली ६७ गावं लक्ष्मीबाईंना इनाम.

आमच्याकडे ही गोष्ट सांगताना फाशीचा दोर पुन्हापुन्हा तुटला असं सांगतात. आणि लक्ष्मीबाईंचं नाव आलं की सांगणारा आवाज खाली आणतो. मीही लहानपणी त्यांच्यावर दात खाल्लेत. त्यांची बाजू घ्यायची नाही मला. पण त्या रविवारी पहिल्यांदा मनात आलं, की एका बाईच्या हातात तेवढं मोठं रान होतं, आजूबाजूला मुलगा नाही म्हणून राज्यं बुडत होती, आणि दारात कॅप्टन उभा होता. त्यानं काय काय दाखवलं असेल? इनाम तर दिसतंच. धाक? 'कारण अज्ञात' असं लिहून मोकळं होणं किती सोपं आहे.

अठ्ठावीस दिवसांच्या अंतरानं गेलेले हे दोन जमीनदार. एक एकोणसत्तर वर्षांचा, घरदार पाहून गेलेला. त्याच्या थोरल्या मुलाचं नाव माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन ग्रँट डफ, म्हणजे बापाच्या साहेबाचं नाव. हा मुलगा पार्लमेंटात गेला, १८८१ ते १८८६ मद्रासचा गव्हर्नर झाला. चेन्नईच्या मरीना किनाऱ्याला 'मरीना' हे नाव त्यानंच दिलं. म्हणजे आपण आज जिथे भेळ खात फिरतो, तिथपर्यंत त्या घराण्याचं बोट पोचतं. दुसरा पंचवीस वर्षांचा. त्याच्या घरातली राजकुंवर मी ऐकलेल्या सगळ्या गोष्टींत फक्त एका वाक्यात येते. लग्न झालं, एवढंच. फाशीच्या दिवशी ती कुठे होती, मोलमपल्लीचं घर कुणी बंद केलं, हे कुणी सांगत नाही आणि इतकी वर्षं मीही कधी विचारलं नव्हतं.

एकाच्या नावाला जमिनीबरोबर नवी नावं लागत गेली. दुसऱ्याची जमीन गेली, आणि नाव उरलं ते गाण्यांत आणि पिंपळाखाली. बाबांनी त्या दोन तारखा एकाखाली एक का लिहिल्या असतील? त्यांना विचारायला हवं होतं. आता कुठलं विचारणार!

रात्री जेवताना मी दादाला म्हटलं, "उद्या मी सही नाही करत."

तो पहिल्यांदा हसला. मग त्याच्या लक्षात आलं की मी गंमत करत नाहीये.

"काहून? पैसे पाहिजेत का?"

"नाही."

"मग? पुण्यात बसून धान लावणार आहेस?"

मी म्हटलं, शेत तूच कर. धान तूच ने. बोडीचं बघायचं ते तूच बघ. मी काही मागत नाही. सातबाऱ्यावर नाव राहू दे. माझंही, आईचंही.

मी त्याला कायदाही सांगितला, आणि ते मी करायला नको होतं. महाराष्ट्रानं १९९४ मध्येच वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना हिस्सा दिला होता. देशभर तो २००५ मध्ये आला. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की हा हक्क जन्मानं मिळतो, २००५ साली वडील हयात होते की नव्हते याच्याशी त्याचा संबंध नाही. हे सगळं खरं आहे, पण भातावर वरण घेणाऱ्या भावाला कलमं ऐकवली की बहिणीची वकील होते. दादाचा चेहरा बदलला. तो म्हणाला, "बाबांच्या आजारपणात दवाखान्यात कोण होतं, ते कायद्यात लिहिलंय का?"

नाही लिहिलेलं. आणि दवाखान्यात तोच होता. अडीच महिने. मी दोनदा येऊन गेले होते. यावर माझ्याकडे तेव्हाही उत्तर नव्हतं आणि आजही नाही. दादा लबाड नाही हो. त्याला शेत गिळायचं नाही. त्याला फक्त वाटतं की हे असंच असतं. मलाही शनिवारपर्यंत तसंच वाटत होतं.

मग आई बोलली. ती इतका वेळ पोळी तव्यावर टाकत होती. पाठ आमच्याकडेच.

"मी सही केली तवा मले कोणी वाचून नाही दाखवलं. भावानं कागद ठेवला, बोट ठेवलं, इथं कर म्हणे. मी केली. तुझ्या बाबानं रात्री विचारलं, काय लिहिलं होतं कागदात? मले सांगताच नाही आलं."

पोळी उलटली. मग म्हणाली, "ते लय दिवस बोलले नाही माझ्याशी त्या गोष्टीवर. रागावले नव्हते. नुसते गप बसले."

आईच्या माहेरी नागभीडकडे बांध्या होत्या, हे मला माहीत होतं. तिचा त्यात हिस्सा होता, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. शेतं मामांची. मामा द्राक्षं आणायचे, मामा ओवाळणी घालायचे. आईला शिकलेलं चार बुकं येत होतं, बाबा वाचणारे होते, तरी तिला त्या कागदात काय आहे ते कुणी सांगितलं नाही आणि तिनं विचारलं नाही. तिच्या नावाला कुठली जमीन लागलीच नाही. माहेरचं नाव लग्नात गेलं, शेत सहीत गेलं.

सोमवारची तारीख गेली. दादानं कार्यालयात फोन करून रद्द केली. एवढंच म्हणाला, "बघू."

मंगळवारी सकाळच्या गाडीनं मी निघाले. जाण्याआधी वनवैभवच्या रस्त्यावर थोडं चालून आले. आलापल्लीच्या जंगलाचा हा तुकडा १९५३ पासून न तोडता राखलाय, २०१४ मध्ये तो जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाला. साग इतका उंच की मान दुखते. लहानपणी बाबा इथे आणायचे आणि एखाद्या बुंध्याला हात लावून म्हणायचे, "हा कुणाचा सांग?" मी म्हणायचे, सरकारचा. दादा म्हणायचा, राजाचा. बाबा म्हणायचे, "याला विचारा."

बाड मी बरोबर आणलं. त्या 'डफ – आईकडचं' च्या ओळीखाली रेघ आहे ती बाबांनी किती जोरात मारलीय ते आता दिसतं. कागद फाटलाय तिथे थोडा. ती रेघ त्यांनी आईचा विचार करत मारली, असं मला वाटायला आवडेल. पण तसं काही लिहिलेलं नाही, आणि कारणाचा रकाना आपल्या मनानं भरलेलाही बाबांना चालत नसे.

ही गोष्ट गेल्या वर्षीची. फेरफार अजून झालेला नाही. दादाशी बोलणं होतं, पण आधीसारखं नाही. पाऊस किती झाला, आईच्या गोळ्या आणल्या का, एवढंच. डिसेंबरात दरवर्षी नव्या तांदळाचं पोतं येतं, यंदा येणार नाही असं मी धरून चालले होते. जानेवारीत आलं. महिनाभर उशिरा, फोन न करता. पोत्यावर नेहमीप्रमाणे निळ्या मार्करनं माझं नाव होतं. दादा त्यावर अजून माहेरचंच आडनाव लिहितो. ते त्यानं बदललेलं नाही.